माठ वाजवून का घ्यायचा? : भुकटीपासून घडलेले धातू आणि वेगाचा आघात

(नागझिरा अभयारण्याच्या काठावरच्या एका गावात, शाळा-कॉलेजातले विद्यार्थी, शिक्षक आणि गावकरी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

टेबलावर हा माठ ठेवलाय तो पाणी पिण्यासाठी नाही. बाजारातून येता येता घेतला. घेताना मी काय केलं असेल? तुम्ही करता तेच. टिचकी मारून बघितली. टणटण वाजला, घेतला. बद्द वाजला असता तर परत ठेवला असता. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका टिचकीचं स्पष्टीकरण आहे, असं समजा.

माठ म्हणजे काय? मातीची बारीक भुकटी पाण्यात मळली, आकार दिला, वाळवली आणि भट्टीत भाजली. ती वितळली का? नाही. वितळली असती तर आकार राहिलाच नसता. कणांच्या कडा तेवढ्या एकमेकांना चिकटल्या आणि मधे बारीक छिद्रं राहिली. त्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. भुकटी, दाब आणि वितळण्याच्या अलीकडची उष्णता, ही जी रीत आहे तिलाच धातूंच्या बाबतीत पावडर मेटलर्जी म्हणतात. भाजण्याच्या पायरीला म्हणतात सिंटरिंग. म्हणजे कुंभार आणि मेटलर्जिस्ट हे एकाच घराण्यातले.

भुकटी कशाला?

तुम्ही म्हणाल, धातू वितळवून साच्यात ओतता येत असताना ही भानगड कशाला? कारणं तीन.

पहिलं, काही पदार्थ वितळवणंच अवघड. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. त्याला धरून ठेवणारी मूस कशाची करणार? दुसरं, काही पदार्थ वितळवून एकत्र केले तर नीट मिसळत नाहीत, पण भुकटी करून मिसळता येतात. आणि तिसरं, छिद्रं. कधी कधी छिद्रंच हवी असतात. घरच्या मिक्सरमध्ये किंवा छोट्या मोटारीत काशाचा एक बुश असतो. त्यात साधारण पाचवा भाग छिद्रं असतात आणि त्यांत तेल भरलेलं असतं. मोटर फिरली, तापली की तेल बाहेर येतं. थांबली की परत आत शोषलं जातं. वर्षानुवर्षं तुम्ही त्याला तेल घालत नाही, ते या छिद्रांमुळे.

आता हाच बुश हातोडीने ठोका. फुटेल. म्हणजे जे छिद्र एका कामात गुण, तेच आघातात दोष.

टंगस्टन हा तुम्हाला परका धातू नाही बरं का. तुमच्या साकोलीचं नाव भूविज्ञानाच्या पुस्तकात आहे. इथल्या अतिप्राचीन खडकांच्या पट्ट्याला ‘साकोली पट्टा’ म्हणतात, आणि त्याच्याच पश्चिमेकडच्या भागात, नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव इथे टंगस्टनची खनिजं सापडली आहेत. आणि बोअरची गाडी तर सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या हातोड्याच्या तोंडाला जी गोल बटणं असतात ती टंगस्टन कार्बाइडची. कार्बाइडची भुकटी आणि त्यात थोडा कोबाल्ट, दाबून भाजलेला. मिनिटाला हजारावर ठोके बसतात आणि बटण टिकतं. बुश एका ठोक्यात फुटतो आणि बटण हजारो ठोके खातं. दोन्ही भुकटीचेच. फरक कुठे आहे? तो आपल्याला शोधायचाय.

वेग वाढला की काय बदलतं?

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. एके-४७ ची गोळी असते साधारण ८ ग्रॅमची आणि निघते सेकंदाला ७०० मीटरच्या थोड्या वर वेगाने. तिची ऊर्जा येते सुमारे २००० ज्यूल. ५० किलोचं धानाचं पोतं चार मीटर उंचीवरून पडलं तर तेवढीच ऊर्जा होते. मग पोतं पडल्यावर जमिनीला काही होत नाही आणि गोळी मात्र आरपार जाते, असं का?

कारण जागा आणि वेळ. पोत्याची ऊर्जा हातभर जागेवर पसरते. गोळीची ऊर्जा नखाएवढ्या जागेत उतरते, आणि ती दोन सेंटीमीटरमध्ये थांबवायची असेल तर हाताशी वेळ असतो सेकंदाच्या सुमारे सतरा हजाराव्या भागाएवढा.

इतक्या कमी वेळात तीन गोष्टी घडतात.

एक, धातू ‘कडक’ वागू लागतो. धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय हळू ठेवला तर रुततो, जोरात थाप मारली तर हात झिणझिणतो. धातूचं कारण वेगळं आहे, पण अनुभव तसाच. धातू वाकतो म्हणजे त्याच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून सरकतात. सरकायला वेळ नसेल तर जास्त जोर लागतो. लोखंड, टंगस्टन यांच्यात हा परिणाम मोठा, ॲल्युमिनियममध्ये कमी.

दोन, उष्णता अडकते. लोखंडी तार दहा वेळा मागेपुढे वाकवा, ती गरम लागते. वाकवण्यात घातलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो, हे टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये मोजून दाखवलं. हळू वाकवली तर उष्णता निघून जाते. आघातात मात्र जिथे वाकला तिथेच तापला, तापला म्हणून मऊ झाला, मऊ झाला म्हणून आणखी तिथेच वाकला, असं चक्र सुरू होतं. शेवटी केसाहून बारीक पट्ट्यात सगळी विकृती गोळा होते आणि धातू तिथून कापल्यासारखा तुटतो.

तीन, लाटा. आघाताची बातमी पदार्थाच्या आत ध्वनीच्या वेगाने जाते. पोलादात हा वेग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर. पुढच्या टोकाला धक्का बसला तरी मागच्या टोकाला ते अजून कळलेलंच नसतं. ही लाट मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोचते आणि उलटी फिरते, पण गंमत अशी की जाताना ती दाबाची असते आणि येताना ओढीची होते.

कॅरमवर सोंगट्यांची एकमेकींना चिकटलेली रांग लावा आणि एका टोकाला स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या जागेवर राहतात, शेवटची उडते. चिलखती पत्र्यातही हेच. समोरून मार बसला आणि पत्रा आरपार फुटला नाही, तरी मागच्या बाजूने पोपडा सुटून उडू शकतो. रणगाड्याच्या आत बसलेल्या माणसाला तो पोपडाही मारतो. म्हणून आतल्या बाजूला अस्तर लावतात.

आता विचार करा, ही ओढीची लाट भुकटीपासून केलेल्या पदार्थात शिरली तर काय शोधेल? दोन कणांमधला अर्धवट चिकटलेला सांधा. राहून गेलेलं छिद्र. दाब असताना हे दोष झाकलेले असतात, छिद्र उलट मिटतं. ओढ आली की ते उघडतात. माठावर माठ रचून ठेवले तर खालचा फुटत नाही, पण एक टिचका बसला की तडकतो. तेच.

हे सगळं मोजतात कसं? दोन लांब दांडे घेतात, मधे नमुन्याची चकती ठेवतात आणि एका दांड्याच्या टोकावर तिसरा दांडा आदळवतात. दांड्यांवरचे संवेदक येणारी, परतणारी आणि पलीकडे गेलेली लाट नोंदवतात. त्यावरून चकतीने किती जोर सोसला आणि ती किती दबली हे निघतं. याला हॉपकिन्सन बार म्हणतात. बर्ट्रॅम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये दांड्याची कल्पना मांडली, कोल्स्की यांनी १९४९ मध्ये ती आजच्या रूपात आणली.

तीळगुळाचा लाडू

आता एक खरा पदार्थ घेऊ. रणगाड्याच्या तोफेतून जो बाणासारखा दांडा डागतात तो टंगस्टनच्या जड मिश्रधातूचा असतो. अर्जुन रणगाड्याचा दारूगोळा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने विकसित केला, आणि असा मिश्रधातू बनवण्याचा आपला कारखाना तिरुचिरापल्लीला आहे.

हा मिश्रधातू म्हणजे अगदी तीळगुळाचा लाडू. ९० ते ९७ टक्के टंगस्टनची भुकटी, बाकी निकेल आणि लोखंड. दाबून कांडी करायची आणि हायड्रोजनच्या भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास न्यायची. टंगस्टन वितळत नाही, तो तीळ. निकेल-लोखंड वितळतात, तो पाक. पाक टंगस्टनचा थोडा भाग विरघळवून घेतो आणि परत कणांवर बसवतो, त्यामुळे कण गोल होतात आणि छिद्रं जवळजवळ भरून निघतात. घनता येते एका घनसेंटीमीटरला १७ ते १८ ग्रॅम. पोलादाची ७.८५, शिशाची ११.३.

निव्वळ टंगस्टन नेहमीच्या तापमानाला ठिसूळ असतो, मार बसला की काचेसारखा तुटतो. पाकामुळे तो वाकू शकतो. पण लाडू फोडून बघा. तो कुठून फुटतो? जिथे दोन तीळ मधे पाक न येता थेट चिकटलेत तिथून. मिश्रधातूतही टंगस्टन-टंगस्टन सांधा हाच सगळ्यात कच्चा. म्हणून टंगस्टन वाढवत गेलं की घनता वाढते, पण असे सांधेही वाढतात आणि चिवटपणा घटतो. फॉस्फरस, गंधक यांचा अंश जरी तीळ आणि पाकाच्या सीमेवर जमला, किंवा भट्टीतला हायड्रोजन आत राहून गेला, तरी तेच. म्हणून नंतर निर्वातात तापवून हायड्रोजन काढतात आणि झटकन थंड करतात, म्हणजे अशुद्धी सीमेवर गोळा व्हायला वेळ मिळत नाही.

दीड हजार मीटरच्या वेगाने हा दांडा पोलादावर आदळला की संपर्काच्या जागी दाब येतो तीन गिगापास्कलच्या आसपास. चांगल्या चिलखती पोलादाची ताकद साधारण एक गिगापास्कलची. म्हणजे दाब ताकदीच्या तिप्पट! मग पोलाद आणि दांडा दोघंही पाण्याच्या धारेसारखे वाहू लागतात. अतिवेगाला खोली ठरते दोन गोष्टींवर : दांड्याची लांबी, आणि दोघांच्या घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. १७.६ भागिले ७.८५ याचं वर्गमूळ दीड. म्हणजे कमाल खोली लांबीच्या दीडपट. प्रत्यक्षात तोफेच्या वेगाला ती साधारण लांबीएवढी भरते, कारण पोलादाची ताकद अजून थोडी आड येते.

मघाशी सांगितलेला बारीक पट्टा इथे परत येतो. झिजलेल्या युरेनियमचा दांडा आदळला की त्याच्या टोकाच्या कडा अशा पट्ट्यांतून लवकर तुटून पडतात, टोक अणकुचीदार राहतं. टंगस्टनचं टोक मात्र अळंबीसारखं पसरतं, आणि रुंद भोक पाडण्यात ऊर्जा वाया जाते. तरी अनेक देश टंगस्टनच वापरतात, कारण युरेनियमची विषारी धूळ युद्ध संपल्यावर तिथल्या मातीत राहते. लाडवाचा पाक बदलून, तीळ बारीक करून टंगस्टनला तसं ‘तुटायला’ शिकवता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. इतर ठिकाणी आपण तुटू नये म्हणून झटतो, इथे नेमकं हवं तिथे तुटावं म्हणून!

माणसाच्या छातीवरची फरशी

मारणाऱ्या बाजूबद्दल बोललो, आता वाचवणाऱ्या बाजूकडे येऊ. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात मे महिन्यात गस्त घालणाऱ्या पोलिसाचा विचार करा. बुलेटप्रूफ जॅकेटचा प्रत्येक किलो त्याला दिवसभर वाहायचा असतो. म्हणून हलकं हवं, आणि रायफलची गोळीही थांबवायला हवी.

उत्तर परत भुकटीतच आहे. बोरॉन कार्बाइड. घनता फक्त २.५२, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षा हलकं. कठीणपणा असा की हिऱ्याच्या खालोखाल ज्या मोजक्या पदार्थांची नावं येतात त्यांतलं एक. त्याची भुकटी सुमारे दोन हजार अंशांना दाबाखाली भाजून फरशी करतात. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यावर आधारित ‘भाभा कवच’ विकसित केलं, आणि हैदराबादच्या मिधानीने ते बनवायला घेतलं. त्यात बोरॉन कार्बाइडच्या जोडीला कार्बन नॅनोट्यूब आणि पॉलिमर आहेत. अणुसंशोधनाचा आणि जॅकेटचा काय संबंध? बोरॉन न्यूट्रॉन शोषतो, म्हणून अणुभट्टीच्या कामात बोरॉन कार्बाइड लागतंच. ती ओळख इथे कामी आली.

गोळी आदळली की फरशीचं काम असतं गोळीचं टोक मोडणं. पहिल्या काही मायक्रोसेकंदांत गोळी फरशीवर अडखळते, चपटी होते, झिजते. लाट फरशीच्या मागच्या बाजूला एका मायक्रोसेकंदाच्या आत पोचते आणि तडे जायला लागतात, पण ते शंकूसारखे मागे रुंदावत जातात. म्हणजे नखाएवढ्या जागेवरचा भार आता तळहाताएवढ्या जागेवर आला. फरशी फुटते, आणि फुटायलाच हवी. तुकडे आणि चेपलेली गोळी झेलतं मागचं धाग्यांचं कंपोझिट. त्या पॉलिएथिलीन धाग्यांत लाट सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते, पोलादाच्या दुप्पट. लाट जितकी लांब पळेल तितका जास्त धागा ओढला जातो, तितकी ऊर्जा पसरते. थर एकमेकांपासून सुटतात त्यातही ऊर्जा खर्च होते.

पण बोरॉन कार्बाइडचा एक घात करणारा स्वभाव आहे. आघात फार जोराचा झाला, दाब वीस गिगापास्कलच्या पुढे गेला, की त्याची ताकद एकदम ढासळते. २००३ मध्ये चेन, मॅककॉली आणि हेमकर यांनी फुटलेले तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. स्फटिकांत दोन-तीन नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्या दिसल्या, आणि त्यांत अणूंची रांग मोडली होती. वितळल्याशिवाय काच झाली होती.

याचं भावंड आपल्या लोणारला आहे. लोणारचा उल्कापात बेसॉल्टवर झाला, आणि तिथे मॅस्केलिनाइट सापडतं. फेल्डस्पारचे स्फटिक धक्क्याने काच झालेत. बुलढाणा जिल्ह्यात काही लाख वर्षांपूर्वी जे झालं, त्याच जातीची गोष्ट जॅकेटच्या फरशीत होते. उपाय म्हणून बोरॉन कार्बाइडमध्ये थोडं सिलिकॉन किंवा दुसरी सिरॅमिक भुकटी मिसळून पाहतात.

परत टिचकीकडे

मग बुश आणि बोअरचं बटण यांतला फरक काय? बटणात छिद्रं जवळजवळ नाहीत, कार्बाइडचे कण बारीक आहेत आणि प्रत्येकाभोवती कोबाल्टचा चिवट पाक आहे. आघातात पदार्थाचं नाव काय यापेक्षा तो कसा घडवला हे जास्त बोलतं.

विद्यार्थी असताना मी ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइडच्या भुकट्या मिसळून पट्ट्या केल्या होत्या. हळू ओढून बघितल्या, सगळ्या पास. जोरात ठोकल्या तर एक बिस्किटासारखी तुटली. आत बघितलं तर कार्बाइडचे कण एका जागी गोळा झालेले, पीठ नीट न मळल्यावर गाठ राहते तसे. घाई करून मी मिश्रण कमी वेळ फिरवलं होतं. हळू चाचणीने माझी चूक झाकली, आघाताने उघडी केली. ती पट्टी कोणाच्या छातीवर असती तर?

म्हणून फरशी अल्ट्रासाउंड आणि क्ष-किरणांनी तपासतात, आणि प्रत्येक खेपेतल्या काही फरशांवर खऱ्या गोळ्या झाडून बघतात. आपल्याकडे जॅकेटसाठी २०१८ पासून आयएस १७०५१ हे भारतीय मानक आहे. अल्ट्रासाउंड म्हणजे तरी काय? लाट आत पाठवायची आणि ती नीट परत येते का ऐकायचं. तुम्ही माठाला मारता तीच टिचकी.

प्रश्नोत्तरं

प्रश्न (विद्यार्थिनी) : सर, जॅकेटमध्ये साधा जाड पोलादी पत्रा का घालत नाहीत?

घालतातही, स्वस्त पडतो. पण समजा २५ बाय ३० सेंटीमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला, तर वजन साडेतीन किलो. पुढे-मागे दोन म्हणजे सात किलो, वर कापड आणि बाकी सामान वेगळं. शिवाय गोळी पोलादावर फुटली की तिचे तुकडे बाजूला उडतात, हनुवटी आणि दंडाकडे. फरशीवर कापडाचं वेष्टन असतं, मागे धागे असतात, ते तुकडे धरून ठेवतात.

प्रश्न (निवृत्त शिक्षक) : फरशी एका गोळीत फुटते म्हणालात. दुसरी गोळी आली तर?

गुरुजी, नेमका प्रश्न. त्याच जागी आली तर फार भरवसा नाही. थोडी दूर लागली तर थांबते, कारण धाग्यांचं वेष्टन तुकड्यांना जागेवर धरतं. काही ठिकाणी एका मोठ्या फरशीऐवजी लहान लहान फरशा जोडतात, म्हणजे तडा एकीतच थांबतो. पण मग जोडाची जागा कच्ची राहते. फुकट काही मिळत नाही.

प्रश्न : सिनेमात गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो. खरंच?

नाही. त्या गोळीचा संवेग सत्तर किलोच्या माणसाला सेकंदाला आठ सेंटीमीटर एवढाच वेग देऊ शकतो. बंदूक चालवणारा फेकला जात नाही ना? मग ज्याला लागली तो कसा जाईल! पण जॅकेटची मागची बाजू आत फुगते आणि त्याने बरगडी मोडू शकते. म्हणून गोळी थांबली एवढंच बघून चालत नाही, मागे मातीचा थर ठेवून खळगा किती खोल पडला तेही मोजतात. अमेरिकेच्या मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे.

प्रश्न (गावकरी) : जॅकेट हातातून पडलं तर खराब होतं का?

होऊ शकतं. आणि वरून दिसत नाही, हीच अडचण. दगडावर आपटलं असेल, गाडीतून पडलं असेल, तर तसं सांगून तपासायला द्यायचं. लाजायचं नाही. घरी माठ आपटला तर पाणी भरण्याआधी आपण टिचकी मारून बघतोच. तेवढी काळजी ज्याच्यावर जीव टांगलाय त्या फरशीची घ्यायला काय हरकत आहे?